चिखलाच्या भिंतीतली फट

घाटाखालच्या दाट रानात धनेश पक्ष्यांची, बरं का बाळांनो, एक जगावेगळी रीत असे. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरायची आणि आतून चिखलाने दार लिंपून घ्यायची. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवायची. आत तिची पिसं गळून जायची आणि पिल्लं मोठी होईतो नवी यायची. पिल्लं मोठी होईपर्यंत नवऱ्याने आणून भरवायचं, तेव्हा तिने जगायचं.

अशाच एका धनेशिणीचा नवरा उंबरं आणायला गेला आणि वाटेतच गरुडाने त्याला मारलं. ढोलीत पिल्लं भुकेने ओरडू लागली. जवळच एक म्हातारा धनेश एकटाच राहत होता. तो उठला, आपल्या चोचीतली उंबरं फटीतून देऊन आला आणि मग रोजच जाऊ लागला. फांदीवरच्या माकडाला याचं फार हसू येई. त्याने विचारलं, "काका, ती तुमची कोण?"

"कोणी नाही."

"तिला अंधारात वाटतंय, नवराच भरवतोय. नाव त्याचं, दमणूक तुमची. देव वर ताट वाढून ठेवणार आहे का तुम्हाला?"

म्हातारा म्हणाला, "देवाचं मला ठाऊक नाही रे. पिल्लं ओरडली आणि तोंडातलं उंबर घशाखाली उतरेना. मला कुणी शिकवलं नाही हे."

पुढे वादळात म्हाताऱ्याचा पंख मोडला. तो उंबराखाली पडून राहिला. वर माकड पिकली उंबरं खात बसलं होतं. ढोलीतून ओरड येत राहिली, मग ती बारीक होत गेली. माकडाने तोंड फिरवलं, लांबच्या फांदीवर जाऊन बसलं. आणि नवल बघा, मूठभर उंबरं घेऊन आपण ढोलीशी कधी पोचलो, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. फटीतून चोच आली, थबकली, मग तळव्यावरचं एकेक उंबर तिने हळूच उचललं. माकड हात तसाच धरून बसलं. त्यानंतर ते रोज येई, वाटेत म्हाताऱ्यापुढेही उंबरं ठेवी.

एका सकाळी भिंत फुटली. धनेशीण पिल्लांना घेऊन उडाली, तिच्या पंखांनी सगळं रान घुमलं. तिने ना म्हाताऱ्याकडे पाहिलं, ना माकडाकडे. माकडाला त्याच्या टोळीने चिडवलं, तुला काय मिळालं म्हणून. धनेशीण दिसेनाशी झाली तरी म्हातारा आणि माकड मान वर करून आभाळाकडे बघत राहिले.

तात्पर्य : चांगलं वागायला बक्षीस लागत नाही आणि बघणाराही लागत नाही, दुसऱ्याची भूक आपल्याला ऐकू आली की ते आपल्या आतूनच उगवतं.