फुटल्या स्फटिकाचा उजेड

एका राज्यात स्फटिकांचे डोंगर होते, आणि माणसे त्या स्फटिकांना जिवापाड जपत. मूल जन्मले की बारशाला त्याच्या नावाचा एक खडा डोंगरातून आणायचा, रेशमात गुंडाळायचा आणि जन्मभर सांभाळायचा. खडा फुटून पीठ झाला की त्याचा धनी सरला, अशी सर्वांची समजूत. समजूत खरी की खोटी, हे कुणी करून पाहिले नव्हते. असल्या गोष्टी करून कोण पाहतो?

तिथला राजा मणिकंठ मनाचा चांगला, पण जिभेला हाड नसलेला. एकदा धूमकर्ण नावाचा मांत्रिक दरबारात आला. राजा सर्वांदेखत म्हणाला, "मांत्रिका, तुझे तोंड पाहिले की भर दुपारी दिवा लावावासा वाटतो." दरबार हसला. धूमकर्ण हसला नाही.

"तर मग राजा, तुझेच तोंड कुणाला दिसणार नाही," तो म्हणाला. "अंधारात बसशील आणि पायांपासून दगड होत जाशील. जो उजेड जळत नाही, आकाशातून येत नाही, कुणा जिवाच्या अंगचा नाही, त्या उजेडात तुझे माणूस तुझा चेहरा पाहील, तेव्हाच सुटशील."

त्या घटकेपासून राजाच्या महालात अंधार शिरला. ऊन खिडकीशीच थबके. समई उंबरा ओलांडताच विझे. राणी कुवलया चाचपडत आत जाई, राजाचे पाय चेपू लागे, आणि दगड रोज थोडा वर चढलेला हाताला लागे. प्रधान आणि पंडित येत, उंबऱ्याबाहेरून हळहळत आणि जेवून जात.

शेवटी राणी स्वतःच उजेड शोधायला निघाली. काजव्यांच्या दरीत गेली, काजव्यांच्या राजापुढे पदर पसरला, आणि पदरभर लुकलुक घेऊन आली. उंबऱ्यावर पदर काळाठिक्कर पडला. तो उजेड जिवाच्याच अंगचा होता.

मग ती नागाच्या भुयारात गेली. नाग म्हणाला, "मणी देतो. तुझी सावली दे." राणीने सावली सोडून दिली आणि मणी आणला. तोही विझला. दिवसा प्यालेले ऊनच तो अंधारात सांडत होता. नाग मात्र सचोटीचा. त्याने मणी घेतला आणि सावली झटकून परत केली.

राणी महालाच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडली. कुंपणावर एक भारद्वाज पक्षी होता. तो म्हणाला, "राणी, तिसरा उजेड तुझ्या घरातच आहे. स्फटिक फुटताना आत उजळतो. तुम्ही कधी फोडत नाही, म्हणून तुम्हांला ठाऊक नाही."

"कुणाचा फोडू?"

"ते तू ठरव."

"माझा फोडला तर मी मरेन?"

"मला कसे कळणार? मला खडा कुणी दिला नाही," भारद्वाज म्हणाला आणि उडून गेला.

डोंगरातून नवा खडा आणण्याइतका वेळ उरला नव्हता, आणि दुसऱ्या कुणाचा खडा मागावा, हे तिच्या मनातसुद्धा आले नाही. मुदपाकखान्यातून लोखंडी खलबत्ता घेऊन ती अंधारात शिरली.

"महाराज?"

"कुवलया, दगड गळ्याशी आला. काही बोलायचे असेल तर लवकर बोल."

खल तिने त्याच्या हनुवटीशी धरला, आपला खडा आत टाकला आणि बत्ता हाणला.

"निळे काहीतरी लकाकले!" राजा म्हणाला. "तुझे डोळे मिटलेले होते."

होतेच. भीतीने आपोआप मिटले होते. खड्याचे दोन तुकडे झाले, ती जिवंत होती. पीठ होईल तेव्हा मरण, असे तिने मानले आणि पुन्हा हाणले. पुन्हा डोळे मिटले. दर घावाला उजेड येई आणि पापणी लवायच्या आत जाई, आणि तिची पापणी नेमकी तेव्हाच लवे. पीठ झालेला भाग काही केल्या उजळेना. चाचपडता चाचपडता ज्वारीच्या दाण्याएवढा एकच तुकडा बोटाला लागला.

"महाराज?"

उत्तर आले नाही. दगड ओठांवर चढला होता.

तेव्हा राणीला स्वतःच्या मरणाचा विसर पडला. डोळे टक्क उघडे ठेवून तिने शेवटचा घाव घातला. निळा, गार उजेड खलातून वर आला, आणि त्यात तिला राजा दिसला. ओठ दगडाचे, डोळे ओले, नजर तिच्याकडे.

दगड खपल्याखपल्यांनी गळून पडला. खिडकीतले ऊन सरळ आत आले. धूमकर्णाचा मंत्र तिथेच सरला, आणि पुढे तो कुठे गेला हे कुणी विचारलेसुद्धा नाही.

राजाने खलातले पांढरे पीठ पाहिले. ते कुणाच्या खड्याचे, हे त्याला कळले.

"मेली असतीस तर?"

"मेले असते."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून तर डोळे मिटत होते."

प्रत्येक गोष्टीवर ज्याला काहीतरी बोलायचे असे, तो राजा यावर काही बोलला नाही. तिचे पिठाने माखलेले हात हातांत घेऊन तो दिवेलागणीपर्यंत तसाच बसून राहिला. आपले माणूस त्यांना जसे डोळे भरून दिसले, तसे तुम्हांआम्हां सर्वांना दिसो.