अस्वलाचे कर्णे आणि चिचुंद्रीचा डबा

घाटाखालच्या एका गर्द जंगलात एक अस्वल राहत असे. खाणं आणि गाणं या दोन गोष्टींवर त्याचा भारी जीव. मध खाऊन पोट भरलं की ते गुहेत आडवं पडून टेपरेकॉर्डरवर गाणी ऐकत बसे. आता जंगलात वीज कुठून आली असं मध्येच विचारू नका, मुलांनो. गोष्टीतल्या जंगलात ती असते.

त्या वर्षी अस्वलानं एक अचाट काम केलं. वादळात पडलेल्या सावरीच्या हलक्या खोडातून त्यानं सुतार पक्ष्याकडून दोन लाकडी कर्णे कोरून घेतले. तळाशी मुठीएवढे आणि तोंडाशी असे रुंद, की आत हरणाचं पाडस झोपावं! घशाशी कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा बसवला. गुहेच्या दोन कोपऱ्यांत कर्णे उभे राहिले, तेव्हा आनंदाच्या भरात अस्वलानं चक्क कोलांटउडी मारली.

एका दुपारी मोठी गंमत झाली. अस्वल गुहेबाहेर डुलक्या काढत होतं, तोच आतून गुंऽऽ गुंऽऽ असा जबरदस्त आवाज आला. "मोहोळ! माझ्या घरात मोहोळ!" असं ओरडत ते जिभल्या चाटत आत धावलं. पाहतं तर काय, एका कर्ण्याच्या घशात एकुलती एक मधमाशी अडकली होती. अस्वलानं तिला हळूच बाहेर सोडलं, मध हुकला म्हणून जरा हळहळलं आणि सगळं विसरून गेलं. तुम्ही मात्र ती माशी लक्षात ठेवा.

मग एके दिवशी म्हातारी मैना त्याच्याकडे आली. तरुणपणी तिचं गाणं ऐकताना वाघसुद्धा पाणी प्यायचा थांबे, पण आता तिचा घसा पार बसला होता. चोचीतली जुनी कॅसेट तिनं अस्वलापुढे ठेवली.

"अरे अस्वला, यात माझं गाणं आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि शेवटी पिल्लांना निजवताना गुणगुणायची ती अंगाई. माझी लेक उद्या दुपारी थव्याबरोबर घाटापलीकडे चालली, तिथंच घरटं बांधणार. तिला ती अंगाई द्यायचीय रे. पण गळा साथ देत नाही, सूरही आता आठवत नाहीत. फीत अगदी जुनी झालीय, एकदा-दोनदा चालली तर नशीब. तुझ्या कर्ण्यांवर ऐकवशील?"

"ऐकवशील काय विचारतेस, मैनामावशी! सगळ्या जंगलाला बोलावतो!" अस्वल हरखून म्हणालं.

कर्ण्यांना बोलतं करायला ॲम्प्लिफायर हवा होता. शेजारच्या बिळातली चिचुंद्री लगेच म्हणाली, "माझा ने की. तीन वॅटचा आहे, मला बातम्या ऐकायला पुरतो."

अस्वल पोट धरून हसलं. त्याचंही फारसं चुकलं नाही म्हणा. त्या जंगलात पाहुण्याला अंगापिंडाप्रमाणे वाढायची रीत होती. सशाला द्रोणभर, गव्याला टोपलीभर. कोणाला भूक किती आहे, हे विचारायची पद्धतच नव्हती. अस्वलानं कर्ण्यांनाही तोच न्याय लावला.

"अगं, केवढाली ही तोंडं आणि काय तुझा काडेपेटीएवढा डबा!" ते म्हणालं. "उपाशी मरतील माझे कर्णे!"

ते तडक हत्तीकडे गेलं. नदीकाठच्या जत्रेत वापरायचा हजार वॅटचा ॲम्प्लिफायर हत्तीकडे होता. "ने, ने, खुशाल ने!" हत्ती म्हणाला आणि सोंडेनं उचलून तो स्वतःच गुहेपर्यंत पोचवून गेला. ती अजस्र पेटी पाहून अस्वलाच्या अंगात नुसतं वारं संचारलं. रात्रभर त्याला धड झोप लागली नाही.

सकाळी गुहेत पाय ठेवायला जागा उरली नाही. मैना आणि तिची लेक अगदी पुढे बसल्या. अस्वलानं थाटात ॲम्प्लिफायर सुरू केला. गाण्याच्या आधीच दोन्ही कर्ण्यांतून खर्रऽऽ अशी खरखर सुरू झाली. ती त्या पेटीची जन्माचीच होती, पण जत्रेच्या गोंगाटात आणि तिथल्या जाडजूड भोंग्यांतून ती कधी कुणाच्या कानावर आली नव्हती. इथं मात्र पातळ पडद्यांनी ती जशीच्या तशी सर्वांपुढे मांडली.

"साप! साप!" म्हणून खारी छताला जाऊन चिकटल्या.

अस्वलानं घाईघाईनं कॅसेट लावली आणि आवाजाचं बटण केसभर फिरवलं. बापरे! मैनेची पहिली तान अशी कडाडली, की वटवाघळं टपाटप खाली पडली आणि ससे एकमेकांच्या अंगावरून बाहेर पळाले. अस्वलानं बटण मागे घेतलं, तर गाणं खरखरीत बुडालं. पुढे करावं, तर कर्णे किंचाळायचे. मधलं असं काही सापडेचना. एवढ्यात अंगाई सुरू झाली. लेक मान वाकडी करून जिवाच्या आकांतानं ऐकत होती, पण खरखरीशिवाय तिला काही कळेना. अस्वलानं घाबरून बटण थोडं वाढवलं, आणि फट्! एका कर्ण्याचा पडदा कडेला उसवला. त्यानं झटकन सगळं बंद केलं.

"गाणं ऐकवायला बोलावलंस की आमचे कान सोलायला?" कोल्हा फिस्सकन हसला.

मैना मात्र हळूच म्हणाली, "माझा आवाज एवढा मोठा कधीच नव्हता रे."

अस्वलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर ऊन माथ्याकडे चढत होतं. झाडावर थवा पंख झाडू लागला होता. फीत आणखी एकदा चालेल की नाही, कोण जाणे! मधाच्या पोळ्याचं मेण बोटावर घेऊन ते उसवलेला पडदा चिकटवायला बसलं, आणि मेणाच्या वासाबरोबर त्याला ती माशी आठवली. एकच माशी! तिच्या इवल्याशा पंखांत कितीशी ताकद असणार? आणि तरी याच कर्ण्यानं तिचं मोहोळ करून दाखवलं होतं!

"अरे, यांना भूकच नाही!" अस्वल ओरडलं आणि उठून धावतच सुटलं. "यांना चिमूटभर पुरतं! चिचुंद्रे, ए चिचुंद्रे! तुझा डबा दे!"

"आता बरा आठवला माझा काडेपेटीएवढा डबा," चिचुंद्री नाक उडवत म्हणाली, पण डबा तिनं आधीच दाराशी आणून ठेवला होता.

अस्वलानं उसवलेला पडदा मेणानं पक्का केला आणि तारा जोडल्या. डबा सुरू केला. खरखर नाही, घरघर नाही, काहीच नाही. "मेला वाटतं," कोल्हा पुटपुटला. अस्वलानं फीत गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणली आणि बटण सावकाश फिरवलं.

आणि मुलांनो, काय सांगू! गुहेत साक्षात तरुण मैना येऊन बसली! तिची तान छताला जाऊन भिडली, पण कुणाचा कान दुखला नाही. दोन तानांमध्ये ती श्वास घेई, तो श्वाससुद्धा ऐकू येत होता. पळालेले ससे परत आले. खारी खाली उतरल्या. हत्तीनं गुहेच्या तोंडाशी डोकं घातलं आणि आपले सुपाएवढे कान हलवायचे थांबवले. एवढं सगळं त्या तीन वॅटांत, आणि बटण अजून अर्ध्यावरसुद्धा आलं नव्हतं! अस्वलाला नाचावंसं वाटत होतं, पण पावलांचा आवाज होईल म्हणून ते जागच्या जागी डोलत राहिलं.

मग अंगाई आली. अगदी हळू, पिल्लांच्या कानात सांगावी तशी. लेकीनं डोळे मिटले. दोन ओळी झाल्या, तिसरी सुरू झाली आणि टक्कन फीत तुटली.

अस्वलानं डोक्याला हात लावला. पण अंगाई थांबलीच नाही! तिसरी ओळ लेक गात होती, जिथं फीत तुटली बरोबर तिथून पुढे. लहानपणी ऐकलेलं तिला सगळं आठवलं होतं. म्हातारी मैना आपल्या फुटक्या गळ्यानं तिच्यात सूर मिसळत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दुपारी थवा उडाला. घाट ओलांडेपर्यंत आकाशातून अंगाई ऐकू येत होती. त्या संध्याकाळी अस्वलानं चिचुंद्रीला जेवायला बोलावलं. तिच्यापुढे द्रोण मांडला आणि वाढण्याआधी, त्या जंगलात पहिल्यांदाच, विचारलं, "बाई, भूक किती आहे?"

तात्पर्य : कोणालाही काही देताना त्याचा आकार पाहू नये, त्याची गरज पाहावी. थोड्यावर ज्याचं भागतं, त्याला फार दिलं तर त्याचं नुकसानच होतं.