पाच नंबरची जर्सी

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाने नव्या हंगामासाठी खेळाडू पारखायला पुण्याहून बर्वे सर आणले. हातातल्या घड्याळापुढे ते कुणाचंच ऐकत नसत. चाळीस मीटर धावण्यात बचावफळीतला सदतीस वर्षांचा बबन सासने शेवटचा आला, तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "सासने, तुमच्या आधी कासव पोचेल. पाच नंबरची जर्सी काढून ठेवा."

बबनला ते लागलं. सतरा हंगाम ती जर्सी त्याच्या अंगावर होती.

"सर, तुमचं घड्याळ शिट्टीपासनं मोजतंय," तो म्हणाला. "मॅचमधी माझ्यासाठी शिट्टी कोण मारतंय? समोरच्याचा खांदा वळला की मी निघतोय. तुम्हीच बॉल मारा, आणि तुमच्या घड्याळातला पहिला गडी माझ्यासंगं सोडा."

सरांनी उजवीकडे हूल देऊन डावीकडे बॉल मारला. धावण्यात पहिला आलेला गडी धापा टाकत पोचला, तर बबन आधीच बॉलवर पाय ठेवून उभा!

सगळं मैदान हसलं. सरांनी घड्याळ खिशात टाकलं. "मानलं, सासने! ही नजर एकट्याजवळ कशाला ठेवायची? उद्यापासून माझ्याशेजारी बाहेर बसा आणि पोरांना शिकवा."

टाळ्या पडल्या. बबन जर्सीची घडी घालत राहिला. आपलं उत्तर इतकं बरोबर ठरलं नसतं, तर भांडून खेळायला आणखी एक हंगाम तरी मिळाला असता.