ढोलीवाडीचा दुसरा पाळणा

आमच्या वाडीत ज्या घरी पाळणा टांगलेला असेल, त्या घराच्या पडवीत एक पोकळ ओंडकाही दोरीनं टांगलेला दिसेल. पाहुणे विचारतात, हे काय? त्यात सातेरी जातीच्या मधमाश्या राहतात. घाबरू नका, फक्त ओंडक्याच्या तोंडासमोर उभं राहू नका. त्यांची ये-जा तिथूनच असते. आणि बरोबरच्या मुलांचे हात तेवढे धरून ठेवा.

या ओंडक्याची गोष्ट जुनी माणसं सांगतात ती अशी.

तेव्हा वाडीला नावही नव्हतं. उतारावर पाचसहा घरं आणि वर दाट रान. मध हवा झाला की लोक पलिता पेटवून माश्या जाळत, सगळं पोळं ओरबाडून आणत आणि पिल्लांचा भाग कुत्र्यापुढे टाकत. त्यात काही वाईट आहे असं कुणाला वाटतच नसे म्हणे.

तिथं बयना नावाची एक सून होती. तिची आधीची दोन बाळं जगली नव्हती. तिसरा मुलगा झाला, तेव्हा तिचा नवरा म्हाळू रानात गेला आणि जांभळीचं लाकूड घेऊन आला. त्याचा त्यानं पाळणा केला. बयनानं विचारलं, "झाड उभं होतं का?" तो म्हणाला, "छे, पडलेलं होतं."

बारशाच्या दिवशी बाया जमल्या. बाळाला पाळण्यात घातलं, ते झोपलं. बाया घुगऱ्या खायला अंगणात बसल्या, तेवढ्यात डोक्यावर घोंघाट झाला. रानातून मोहोळ आलं ते थेट पडवीत शिरलं आणि पाळण्यावर बसलं. दोऱ्या काळ्या झाल्या, कठडा काळा झाला. बाळाच्या अंगावर दुपटं घालावं तशा माश्या पसरल्या. नुसतं नाक तेवढं दिसत होतं.

सासू ओरडली, "अरे पलिता आणा! बघत काय उभे राहिलात?"

माणसं पलिते पेटवून धावली. बयना दारात आडवी झाली. "आग बघितली की पहिला डंख माझ्या लेकराला बसेल. कुणी पुढं येऊ नका."

"मग काय त्यांना हळदकुंकू लावतेस?" सासू रडत रडत म्हणाली.

शेजारची एक म्हातारी सगळं बघत होती. ती म्हणाली, "म्हाळू, रान सोडून त्यांना तुझाच पाळणा बरा सापडला रे!"

म्हाळू खालीच बघत होता. बयनानं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला कळलं.

"झाड उभं होतं ना?"

"होतं," तो म्हणाला. "ढोलीत यांचं मोहोळ होतं. ढोलीचा तुकडा गोठ्यामागं टाकलाय, जळणाला."

"आधी तो आण."

असं सांगतात, की तेव्हा बाळाची दूध प्यायची वेळ झाली होती. बयनाची चोळी भिजली होती. बाळ चुळबुळ करायला लागलं. ते जागं होऊन हातपाय झाडेल, तर काय होईल हे सगळ्यांना दिसत होतं. बयना पाळण्याजवळ खाली बसली आणि अगदी हळू आवाजात अंगाई म्हणायला लागली. बाळ पुन्हा निजलं.

म्हाळूनं ओंडका आणला. आत जुन्या पोळ्याचं मेण अजून चिकटलेलं होतं. त्यानं तो पाळण्याला लागूनच टांगला, ओंडक्याचं तोंड पाळण्याकडं येईल असा. बयनानं हात जोडले. ती म्हणाली, "तुमचं घर तुम्हाला परत दिलं. माझं मला द्या. या वाडीत पाळणा टांगला जाईल तेव्हा तुमचाही टांगला जाईल."

आधी एक माशी आत गेली. मग चारदोन. मग राणी गेली असावी, कारण सगळ्या एकामागून एक चालत निघाल्या, मुंग्यांसारख्या. सांज व्हायच्या आत पाळणा रिकामा झाला. बाळाच्या अंगावर एक गांधीही नव्हती. बयनानं त्याला उचललं, पदराखाली घेतलं आणि मग मात्र ती हमसून हमसून रडली.

वाडीत पलिता पेटला तो त्या दिवशी शेवटचा. त्या ढोलीवरूनच वाडीचं नाव ढोलीवाडी पडलं. पुढं लोक पिल्लांचा भाग राखून फक्त मधाचा भाग कापायला शिकले. ढोलीचं झाड कुणी तोडत नाही. आता लाकडी पेट्या आल्या, आम्ही बाया सगळ्या घरांचा मध एकत्र गाळून विकतो आणि त्यावर चार महिने घर चालतं. रानात जांभूळ, हिरडा भरभरून फळतो, तोही या माश्यांमुळंच.

आजही बारशाला बाळ पाळण्यात घालायच्या आधी आई ओंडक्याला कान लावते. आत गुणगुण ऐकू आली, तरच बाळाला निजवायचं. माझ्या मुलीच्या वेळी आमचा ओंडका गप्प होता. तेव्हा शेजारच्या पारूआत्या आपल्या पेटीतलं मोहोळ फोडून घेऊन आल्या. अर्धं त्यांच्याकडं राहिलं, अर्धं माझ्याकडं आलं, आणि मगच माझी मुलगी पाळण्यात गेली.

आजही तिला निजवलं की मी आधी तिच्या नाकाशी हात धरून श्वास बघते, आणि मग जाऊन ओंडक्याला कान लावते. दोन्हीकडं सगळं ठीक असलं, की मग मी जेवायला बसते.