साळूचं कुंपण

जनावरं अजून विस्तव राखत होती, त्या काळची ही गोष्ट. शेजारशेजारच्या दोन टेकड्यांवर दोन शेकोट्या जळत. एक विझली की दुसरीकडून पेटतं कोलीत यायचं. त्या उजेडाच्या धाकाने बिबट्या खालच्या ओढ्यापलीकडेच थांबायचा.

एक शेकोटी साळू राखायची, दुसरी ससे. तिच्या मनाने मात्र एकच धास्ती घेतली होती. पलीकडचे ससे एक दिवस सगळाच विस्तव पळवणार! काट्यांवर तिचा जन्माचा भरवसा. तिने टेकडीभोवती वाळक्या बाभळीचं कुंपण रचलं आणि सगळे निखारे बिळात खोल पुरून ठेवले.

दिवस मावळला. पिल्लं गारठली म्हणून तिने माती उकरली, तर हाताला थंडगार कोळसे लागले. मातीखाली विस्तव गुदमरून गेला होता.

तेवढ्यात ओढ्याचं पाणी डुचमळलं. मग अलीकडचा पाचोळा वाजला. साळूच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहिले.

"ससेभाऊ, विस्तव आणा हो!" ती किंचाळली.

ससा कोलीत घेऊन धावत आला आणि कुंपणाशी अडला. "साळूताई, आत येऊ कुठून?"

वाट तिने ठेवलीच नव्हती. सशाच्या पाठीमागे दोन हिरवे डोळे हळूहळू मोठे होत होते.

"कुंपणालाच लावा!"

बाभळ भडकली. बिबट्या ओढ्यापार पळाला. त्या उजेडात साळूला दिसलं, कोलीत जळत जळत सशाच्या पंजापर्यंत आलं होतं, तरी त्याने ते टाकलं नव्हतं.