आपोलीनबायचा कंदील

खाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. तिवरपाड्यातली प्रत्येक म्हातारी वेगळा आकडा सांगते आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटतं. पण एक गोष्ट सगळ्या एकमुखाने सांगतात. तेव्हा गावाला चारी बाजूंनी पाणी होतं आणि पैलतीराला जायला एकच होडी होती, मिंगेल तांडेलाची.

मिंगेल होडी चालवायचा आणि त्याची बायको आपोलीन बंदरावर कंदील लावायची. दिवेलागणीला काच पुसायची, तेल घालायचं आणि कंदील दोरीने बांबूच्या टोकाला चढवायचा. काम एवढंसंच, पण चुकवायची सोय नव्हती. बंदराच्या एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला माणूस गिळणारा गाळ, आणि मधून होडीपुरती वाट. कंदिलावर नजर ठेवून मिंगेल त्या वाटेने आत यायचा. आपोलीनला मूलबाळ नव्हतं. ती कंदिलाशी बोलते, असं म्हणतात. बोलत असेलही. नवरा दिवसभर पाण्यावर, मग बोलणार तरी कोणाशी?

त्या वर्षी गावात ताऱ्यांचं खूळ शिरलं. नारळाच्या वाडीवाला बस्त्याव पैलतीरी गेला होता. तिथे कुणाच्या दारात त्याने नाताळचा तारा पाहिला आणि घरी येऊन बांबूच्या कामट्या तासायलाच बसला. कामट्यांवर कागद, आत दिवा, आणि तारा उंच काठीवर. मग शेजारी कसा मागे राहील? त्याने बस्त्यावपेक्षा हातभर उंच काठी रोवली. बघता बघता घराघरावर तारे झाले. तारा एकदा लावला की नाताळच्या सकाळपर्यंत विझू द्यायचा नाही, नाहीतर बाळ येशू वाट चुकतो आणि घराला वर्षभर अवकळा येते, असंही कुणीतरी ठरवून टाकलं. असल्या गोष्टी कोण ठरवतं ते कधीच कळत नाही, पण मानतात मात्र सगळे.

नाताळच्या आदल्या दिवशी मिंगेल बायकापोरांनी भरलेली होडी घेऊन बाजाराला गेला. येताना गूळ आणायचा, बांगड्या आणायच्या, शिंप्याकडून पोरांचे नवे कपडे आणायचे. उन्हं उतरायच्या आत परतायचं ठरलं होतं. पण शिंप्याची काजं-बटणं राहिली होती, आणि नाताळच्या तोंडावर शिंपी कधी कुणाला वेळेवर मिळालाय?

इकडे अंधार पडला. घराघरात फुगे, म्हणजे नाताळचे गोल गोड वडे, तळायला घेतले, तारे उजळले, पोरं नाचायला लागली. आपोलीनने रोजच्यासारखा कंदील चढवला आणि पायरीवर बसून राहिली. होडी येईना. चंद्र नव्हता. भरती संपत आली होती, आणि ओहोटी लागली की खाडीची धार होडीला थेट समुद्राच्या तोंडाशी ओढून नेणार, हे तिला ठाऊक होतं.

बसवेना म्हणून ती बांधावरून पार टोकापर्यंत चालत गेली आणि काळ्या पाण्याकडे डोळे ताणून पाहत राहिली. काहीच दिसेना. निराश होऊन ती मागे वळली. किनारा नुसता लखलखत होता. सगळीकडे तारेच तारे, आणि त्यांत तिला स्वतःचा कंदील सापडेना. रोज जो आपल्या हाताने लावते तो कंदील मला दिसत नाही, तर मिंगेलला कसा दिसणार?

ती धावत सुटली. वाटेत ठेच लागली, पडली, उठली. पहिल्याच दारात ओरडली, "तारा विझवा! आपली होडी बाहेर आहे!"

"बाय, भलतंच काय बोलतेस?" घरातली म्हातारी दचकली. "आजच्या सांजेला तारा विझवायचा? बाळ येशू वाट चुकंल ना!"

"बाळ येशू नाय चुकायचा गो. माझा मिंगेल चुकंल! तुझी लेकपण त्याच होडीत आहे."

म्हातारीच्या हातातला झारा तसाच राहिला. गाव बाहेर आलं. पोरं हाका मारायला धावली, पण वारा समुद्राकडून होता, हाका परत गावातच यायच्या. कुणी म्हणालं, आणखी मोठा दिवा लावू. आपोलीन कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे, बाळ येशूला शोधत निघालेल्या तीन राजांना एकच तारा होता, म्हणून ते पोचले. एवढे असते तर अजून फिरत बसले असते!"

तेव्हा कुठे लोकांना पटलं. तरी काठीला हात लावायचा धीर कुणाला होईना. सगळे बस्त्यावच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्याचा तारा सगळ्यांत मोठा, आणि नेमका खडकांच्या डोक्यावर.

बस्त्याव दारात आडवा उभा राहिला. एरवीचा तो हट्टी माणूस, पण त्या सांजेला त्याने हात जोडले. "बाय, पाया पडतो तुझ्या. माझा नातू तापाने फणफणलाय. रात्रभर तारा तेवत ठेवीन असा नवस बोललोय मी. तो विझला आणि पोराचं काही झालं तर?"

तिकडे होडीभर माणसं, इकडे एक लेकरू. विझव म्हणायला आपोलीनची जीभ रेटेना. तिने आत डोकावून पाहिलं. पोर अंधाऱ्या खोलीत एकटंच कण्हत पडलं होतं, कारण घरातला दिवा तर ताऱ्यात गेला होता.

"विझवू नको," ती हळूच म्हणाली. "आत घे. ज्याच्यासाठी लावलास त्याच्या उशाशी ठेव, आणि दार लावून घे."

बस्त्यावने काठी खाली घेतली आणि तारा छातीशी धरून आत नेला. पोराने डोळे उघडले आणि ते ताऱ्याकडे पाहून हसलं, असं म्हणतात.

मग काय, घरोघर तारे आत गेले. दारं लागली, खिडक्यांवर गोधड्या पडल्या. सारा तिवरपाडा अंधारात बुडाला आणि बंदरावर एकच कंदील राहिला. आपोलीनने तो बांबूवरून उतरवला आणि होडीला वाटेचं तोंडच दिसावं म्हणून तो हातात घेऊन ती कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. कंदिलातलं तेल केव्हाच संपलं होतं तरी तो जळत होता, असं म्हणतात. पाणी तिच्या गळ्यापर्यंत चढलं आणि कंदिलापाशी येऊन थांबलं, असंही म्हणतात. तिला मात्र एवढंच कळत होतं, की हात खाली येता कामा नये.

बाहेर होडीचं पुढचं टोक दोनदा गाळाला घासलं होतं. बायका पोरांना पोटाशी धरून जपमाळ ओढत होत्या. किनाऱ्यावर चांदणं उतरलेलं पाहून मिंगेल चक्रावला होता. इतक्यात ते चांदणं एकेक करून मावळायला लागलं. आपले डोळे गेले की गाव बुडालं, या भीतीने तो गारठला. आणि मग सगळ्या काळोखात एक ठिपका उरला. त्याने वल्हं मारलं. ओहोटीची पहिली ओढ होडीला लागली तेव्हा ती त्या अरुंद वाटेत शिरली होती.

होडी आपोलीनला जवळजवळ धडकलीच. मिंगेलने वाकून तिचा ओला हात धरला. त्याला एवढंच बोलता आलं, "आता दिसलीस गो."

आपोलीन रडली आणि मग तिने त्याला मनसोक्त शिव्या दिल्या, शिंप्यालाही दिल्या.

आता खाडीवर पूल आहे, होडीची कुणाला गरज नाही. गावची माणसं शहरात नोकऱ्या करतात आणि नाताळच्या आदल्या सांजेला बसने, रिक्षाने घरी येतात. पण त्या सांजेला तिवरपाड्यात आजही तारे आधी घरात लावतात. घरात कुणी आजारी असेल तर त्याच्या उशाशी, नसेल तर सगळ्यांत लहान पोराजवळ. गावचं शेवटचं माणूस येईपर्यंत दारं लावून घेतात, कुणी जेवतही नाही. आणि ज्या घरचं माणूस यायचं राहिलं असेल, त्या घरची बाई बंदरावर कंदील घेऊन उभी राहते. एका वर्षी गावातल्या पास्कूची सून, ती दवाखान्यात नर्स आहे, तिची ड्यूटी लांबली. अख्खं गाव उपाशी, अंधारात बसलं. पोरं भुकेने रडली, फुगे गार झाले, तरी एकानेही दार उघडलं नाही. अखेर ती पुलावरून चालत आली, आणि तिची सासू ओरडली, "आली गो, आली!" तेव्हा कुठे दारं उघडली, तारे बाहेर आले, आणि तिवरपाड्यात नाताळ सुरू झाला.