काजूच्या कारखान्यातलं भजन

"भजन म्हणायला लावलं, यात माझं काय चुकलं महाराज?"

चंदगडच्या बाजूला रमाकांत गावड्यांचा काजूचा कारखाना आहे. तिथं बायका काजूगरांवरची साल सोलत बसतात, आणि सोलता सोलता दिवसभर भजन म्हणतात. म्हणजे म्हणत होत्या. शेवंतीचा घसा बसला, तिला गावडे म्हणाले, "गाता येत नसेल तर घरी जा." ती गेली. तिच्या मागोमाग बाकीच्याही उठल्या.

ऐन हंगामात माल पडून होता. केशवगिरी महाराजांचा शब्द बायका मोडणार नाहीत, म्हणून गावडे पिशवीभर काजू घेऊन मठात आले होते.

तसा माणूस वाईट नव्हता. असता तर मठात कशाला आला असता, वकिलाकडे गेला असता.

"काजू आणलेस ते बरं केलंस," महाराज म्हणाले. "वाट सगळ्यांना."

ओसरीवर पाच-सहा माणसं बसली होती. गावडे पिशवी घेऊन उठले.

"भजन म्हणत वाट."

"आत्ता?"

"आत्ताच. मोठ्यानं. मला इथवर ऐकू आलं पाहिजे."

गावडे गाऊ लागले. दोघांना वाटून होईतो त्यांना दम लागला. ते थांबले.

"थांबू नकोस. तोंडात टाकशील."

गावडे लालबुंद झाले. माणसं बघत होती.

"महाराज, काजू माझेच आहेत! मी काय चोर वाटलो तुम्हाला?"

गावडे पिशवी बाजूला ठेवून खाली बसले.

"गाणाऱ्या तोंडात काजू जात नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणून लावलं. देवासाठी नाही... पण महाराज, एकेकीनं रोज मूठभर खाल्ले तरी नफा संपला. आणि नफाच नसला तर पगार कुठून देऊ?"

"नफा हवाच," महाराज म्हणाले. "धंदा सुरू कुणी केला तुमच्यात?"

"आईनं. घरीच सोलायची, चुलीपाशी बसून. आम्ही पोरं मदतीला."

"खायचात?"

गावड्यांना हसू आलं. "पहिल्या दिवशी पोट दुखेपर्यंत. आठवड्यानं मग वाससुद्धा नको वाटायचा."

"आई गायला लावायची?"

गावड्यांनी मान खाली घातली. इतका ओशाळला बिचारा, की बघणाऱ्यालाच वाईट वाटलं.

"भजन आजपासून बंद," ते म्हणाले. "म्हणजे... जिला म्हणायचं तिनं म्हणावं. पण शेवंतीला निरोप तुम्ही धाडा. ती आली की सगळ्या येतील."

"निरोप नाही. तू जा. तिच्या दारात."

"घसा बसलाय तरी लई बोलेल हो ती मला."

"बोलू दे," महाराज म्हणाले. "तू मध्येच भजन सुरू करू नकोस."